सुबलाचा निर्णय : एकाला जगवायचं, बाकीच्यांनी मरायचं

पैलतीर

शकुनीच्या कैदेची लोककथा बहुतेकांनी ऐकलेली असते. तरी चर्चेला आधार हवा म्हणून थोडक्यात सांगतो.

गांधारीच्या पत्रिकेत दोष होता, पहिला नवरा जगणार नाही असा. म्हणून सुबलाने तिचं लग्न आधी एका बोकडाशी लावलं, तो बोकड बळी दिला आणि मग तिला धृतराष्ट्राकडे पाठवलं. पुढे कधीतरी हे हस्तिनापुरात फुटलं. कुरुकुळाची सून तांत्रिकदृष्ट्या विधवा निघाली, हा अपमान सहन न होऊन सुबलाला सगळ्या मुलांसकट अंधारकोठडीत टाकलं गेलं. नात्यातल्या माणसांना उपाशी मारलं असा बोल नको, म्हणून अन्न रोज मिळायचं. माणशी भाताचं एक शीत.

इथे सुबल जे करतो त्यावर हा धागा आहे. त्याला पहिल्याच काही दिवसांत कळतं की वाटून खाल्लं तर सगळे मरणार. सगळी शितं एकाच्या तोंडी गेली तर एक जण कदाचित जगेल. तो ठरवतो की सर्वांत बुद्धिमान असेल तो जगेल, आणि जगून या घराण्याचा निर्वंश करेल. निवड शकुनीची होते. बाप स्वतःचं शीत त्याच्यापुढे ठेवतो, भावांना ठेवायला लावतो आणि शकुनीच्या डोळ्यांदेखत एकेक जण मरत जातो. मरण्याआधी सुबल दोन गोष्टी करतो. माझ्या हाडांचे फासे कर, ते तुझ्या मनासारखं दान देतील, असं सांगतो. आणि ज्याला वाचवलं त्याच मुलाचा पाय मोडतो, म्हणजे पुढच्या आयुष्यात प्रत्येक पावलाला त्याला ही कोठडी आठवेल.

शकुनीबद्दल आपण खूप बोलतो. सुबलाबद्दल कोणीच बोलत नाही, आणि मला या कथेत तोच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात भयंकर वाटतो. एरवी राजे सूड घ्यायला सैन्य पाठवतात. याच्याकडे सैन्य नाही, खजिना नाही, बाहेर निरोप न्यायला माणूस नाही. उरलंय ते स्वतःचं शरीर आणि मुलांची शरीरं. तो ती खर्च करतो, आणि सुरुवात स्वतःपासून करतो. हा त्याग नाही असं मी म्हणूच शकत नाही.

पण शितापर्यंत मी त्याच्याबरोबर जातो आणि पायाशी थांबतो. शीत देताना तो स्वतःजवळचं काहीतरी देतोय. पाय मोडताना तो दुसऱ्याचं उरलेलं आयुष्य काढून घेतोय. शकुनीला जगवलंय असं आपण म्हणतो खरं, पण त्या क्षणापासून तो गांधारचा राजपुत्र राहत नाही, बापाच्या इच्छेचं हत्यार होतो. कोठडीत मेलेल्यांचं मरण तरी तिथे संपलं. याचं पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं.

तुम्हाला काय वाटतं? सुबलाने दुसरं काय करायला हवं होतं?

---

रणवेध

दुसरं काहीही नाही. मी सुबलाच्या बाजूने आहे आणि पायासकट आहे.

त्या कोठडीत बसून विचार करा. सर्वांचं मरण नक्की आहे. अशा वेळी समान वाटप करणारा राजा दयाळू दिसतो, पण त्याच्या दयेतून निघतं काय? सगळे एकाच आठवड्यात मरतात आणि वर हस्तिनापूर म्हणतं, आम्ही तर रोज जेवण देत होतो. म्हणजे गुन्हाही पचला आणि साक्षीदारही उरला नाही. सुबल हे ओळखतो. शकुनी जगणं म्हणजे आधी साक्ष जगणं आहे, सूड त्याच्यानंतर.

आता पायाबद्दल. शकुनी सुटल्यावर जाणार कुठे, तर त्याच हस्तिनापुरात. तिथे बहीण आहे, मामा मामा करत अंगाखांद्यावर खेळणारी भाचरं आहेत, पंक्ती आहेत, मान आहे. माणूस विसरतो. दुःख विसरलं नाही तर तो जगू शकत नाही, म्हणून विसरतो. सुबलाला आपल्या पोराच्या द्वेषाची खात्री होती, पण त्याच्या प्रेमाची भीती होती. पाय त्या प्रेमाविरुद्ध मोडलेला आहे.

क्रूर आहेच. पण मऊ मनाच्या माणसाला तो निर्णय घेताच आला नसता.

---

मूळसंहिता

चर्चा चांगली चाललीय, पण एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. यातलं काहीही व्यासांच्या महाभारतात नाही. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात बोकड नाही, कोठडी नाही, हाडांचे फासे नाहीत आणि मोडलेला पायही नाही.

आदिपर्वात भीष्म गांधारीला मागणी घालतात. धृतराष्ट्र आंधळा म्हणून सुबल क्षणभर अडखळतो, मग कुळ, कीर्ती, आचार यांचा विचार करून होकार देतो. शकुनी बहिणीला हस्तिनापुरात पोहोचवतो आणि आपल्या नगराला परत जातो. सभापर्वात युधिष्ठिराच्या राजसूयाला सुबल स्वतः हजर आहे. यज्ञ संपल्यावर त्याला आणि त्याच्या मुलाला निरोप द्यायला नकुल जातो. म्हणजे द्यूताच्या थोडं आधीपर्यंत म्हातारा खडखडीत जिवंत आहे.

शकुनीचे भाऊही कोठडीत मेलेले नाहीत. ते युद्धात उतरतात. भीष्मपर्वात अर्जुनाचा मुलगा इरावान त्यांच्यातल्या कित्येकांना मारतो. द्रोणपर्वात वृषक आणि अचल हे दोघे एकाच रथावर अंगाला अंग लावून उभे असताना अर्जुनाच्या एकाच बाणाने पडतात.

कोठडीची कथा प्रादेशिक परंपरांमधून आली. पंधराव्या शतकातल्या सारळा दासांच्या ओडिया महाभारतात ती ठळक आहे, आणि तिथे कैदेत टाकणारा दुर्योधन आहे. सख्खा नातू आजोबाला उपाशी मारतो.

---

पैलतीर

मूळसंहिता, नोंदीबद्दल मनापासून आभार. म्हणूनच मी वर लोककथा असा शब्द वापरला. पण ती मागाहून आली म्हणून हलकी ठरत नाही. व्यासांच्या शकुनीला कारण नाही. त्याला भाच्याचं राज्य वाढवायचंय आणि तो फाशांत निष्णात आहे, एवढंच. लोकांना ते पुरलं नाही. अठरा अक्षौहिणी सैन्य मातीत जातं आणि त्यामागे फक्त मामाची लबाडी? त्या संहाराच्या मापाचं दुःख लोकांनी शोधलं आणि ते गांधारच्या कोठडीत ठेवलं. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पवित्रेश्वरमला शकुनीचं देऊळ आहे, ते काही लबाडीची पूजा करायला बांधलेलं नसणार.

---

अबोली

सगळे जण सुबल आणि शकुनी यांच्यातच फिरताय. मला सांगा, गांधारी कुठे आहे?

सुबल मरताना सांगतो की या कुळाचा निर्वंश कर. त्या कुळात त्याची स्वतःची मुलगी आहे. ज्या शंभर जणांना मारायला तो शकुनीला तयार करतोय ते त्याच्या मुलीच्या पोटचे आहेत. रणवेध, तुम्ही लिहिलंत की त्याला शकुनीच्या प्रेमाची भीती होती. बरोबर लिहिलंत. पण ते प्रेम कुणावरचं होतं? बहिणीवरचं. म्हणजे भावाच्या मनातून बहीण काढून टाकता यावी म्हणून त्याने पाय मोडला.

आणि मूळ अपराध तरी कुणाचा? बोकडाशी लग्न लावलं सुबलाने. लपवलं सुबलाने. गांधारीला तर आंधळ्या नवऱ्याबद्दलही कुणी विचारलं नव्हतं. एकदा पत्रिकेच्या नावाखाली तिला वापरली, एकदा सोयरिकीच्या नावाखाली, आणि शेवटी सुडाच्या हिशोबात ती धरलीच नाही. तुम्ही सुबलाने स्वतःचं शीत दिलं ते मोजताय. त्याने मुलीचे शंभर मुलगे दिले ते का मोजत नाही? ते त्याचे होते का द्यायला?

दुर्योधनाने कैदेत टाकलं हे रूप धरलं तरी एकाच्या गुन्ह्यासाठी शंभर. त्यातला विकर्ण तर भर सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला होता. सुबलाच्या हिशोबात त्याला सूट नाही.

आपल्या लोकांच्या भविष्यासाठी, असं म्हणताना आपले लोक कोण हे आधी ठरवावं लागतं. सुबलाने ते ठरवताना मुलीला बाहेर ठेवलं.

---

काठपदर

अबोली ताई, +१. गांधारीचा मुद्दा वाचून थांबले थोडा वेळ.

---

रणवेध

अबोली, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. गांधारीचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नाही. पण एक सांगतो. आपण सुबलाला शांत जागी बसवून प्रश्न विचारतोय. तो शांत जागी नाहीये. त्याच्या डाव्या हाताला एक मुलगा मेलेला आहे आणि उजव्या हाताला दुसरा मरतोय. हस्तिनापुरात राहणारी मुलगी त्याला त्या वेळी मुलगी वाटली असेल की ज्यांनी कोंडलं त्यांच्या घरातली बाई? तिने आमची सुटका का केली नाही, हा प्रश्न त्या अंधारात कुणाच्या तरी मनात आलाच असेल. कथा त्याबद्दल गप्प आहे.

---

शिशिरवन

या धाग्याला एक खरा इतिहास जोडतो. कथा नाही, प्रत्यक्ष होऊन गेलेला राजा आहे, आणि सुबलापेक्षा कमी निर्दय नाही.

प्राचीन चीनमध्ये वू आणि युए ही दोन शेजारी राज्यं होती. इ.स.पू. 496 मध्ये युएच्या गादीवर नुकत्याच आलेल्या गोउजिएनवर वूचा राजा चालून आला. गोउजिएनने काय केलं? आपल्याकडच्या गुन्हेगारांच्या तीन रांगा पुढे पाठवल्या. त्यांनी वूच्या सैन्यासमोर जाऊन स्वतःचे गळे चिरले. समोरचं सैन्य बघत राहिलं आणि तेवढ्यात युएने हल्ला केला. वूचा राजा जखमी होऊन मेला. त्याचा मुलगा फूचाई याने अंगणात एक माणूस उभा केला. फूचाई येता जाता त्या माणसाने विचारायचं, तुझ्या बापाला युएच्या राजाने मारलं हे विसरलास का? रणवेध, तुमचा पायाचा मुद्दा हाच आहे, फक्त इथे आठवण पगारी नोकराकडे सोपवली होती.

इ.स.पू. 494 मध्ये फूचाईने युएला चिरडलं. गोउजिएन 5000 सैनिकांनिशी कुआयजीच्या डोंगरावर अडकला. लढून मरणं सोपं होतं आणि त्याची तयारीही होती. मंत्र्यांनी त्याला शरण जायला लावलं. वूच्या एका लाचखाऊ मंत्र्यामार्फत तह झाला आणि राजा स्वतः फूचाईचा चाकर म्हणून वूमध्ये जाऊन राहिला, सुमारे तीन वर्षं. नंतरच्या कथांत तर तो आजारी फूचाईची विष्ठा चाखून निदान सांगतो, म्हणजे शत्रूची खात्री पटावी.

सुटून आल्यावर बसायच्या जागेजवळ त्याने पित्ताशय टांगून ठेवलं. जेवणाआधी ते कडू चाखायचं आणि स्वतःलाच विचारायचं, कुआयजीची नामुष्की विसरलास का? स्वतः नांगर धरला, राणी मागावर बसली. आणि मग माणसं वाढवायला घेतली. मुलगी 17 वर्षांची होऊन अविवाहित राहिली तर आईबाप गुन्हेगार, मुलगा 20 चा झाला तरी तेच. मुलगा झाला तर सरकारातून दोन घडे मद्य आणि कुत्रा, मुलगी झाली तर दोन घडे मद्य आणि डुक्कर. तिळी झाली तर दूध पाजायला दाई. दहा वर्षं करवसुली बंद. वूचा जुना सेनानी वू त्झशू आधीच बोलून चुकला होता की हे लोक दहा वर्षं माणसं वाढवतील, दहा वर्षं त्यांना शिकवतील आणि वीस वर्षांनी वूची दलदल होईल. त्याचं ऐकलं गेलं नाही, उलट पुढे त्याला आत्महत्येची आज्ञा झाली. इ.स.पू. 473 मध्ये वू संपलं. फूचाईने वू त्झशूला तोंड दाखवता येणार नाही म्हणत चेहरा झाकून जीव दिला.

आता सुबलाशी तुलना. दोघांनीही सुडासाठी स्वतःला खर्ची घातलं. पण गोउजिएनने आठवणीचा भार स्वतःच्या जिभेवर ठेवला, दुसऱ्याच्या पायावर नाही. हा फरक मला मोठा वाटतो.

तरी त्याला थोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जन्माला येणारं प्रत्येक मूल त्याच्या हिशोबात वीस वर्षांनंतरचा सैनिक होतं किंवा सैनिकाची आई. विजयानंतर फान ली हा मंत्री निघून गेला आणि जाताना दुसऱ्या मंत्र्याला, वेन झोंगला, कळवून गेला की हा माणूस संकटात सोबत करण्याजोगा आहे, सुखात नाही. वेन झोंग राहिला. गोउजिएनने त्याच्याकडे तलवार पाठवली आणि त्याने स्वतःचा जीव घेतला.

अवांतर: गोउजिएनचं नाव कोरलेली तलवार 1965 मध्ये हूबेई प्रांतातल्या एका थडग्यात सापडली, धार शाबूत. थडगं चू राज्यातलं होतं. युएला पुढे चूनेच गिळलं.

---

मधलावाटसरू

शिशिरवन, उत्तम. त्याच इतिहासातलं अजून एक उदाहरण. छिन राज्यातून पळून यान राज्यात आसऱ्याला आलेला सेनापती फान वूची. छिनच्या राजाने त्याचं घराणं संपवलं होतं आणि त्याच्या डोक्यावर मोठं इनाम लावलं होतं. इ.स.पू. 227 मध्ये जिंग के नावाचा मारेकरी त्याच्याकडे आला आणि म्हणाला, तुमचं मस्तक घेऊन गेलो तर छिनचा राजा मला जवळ येऊ देईल. फान वूचीने तिथल्या तिथे गळा चिरून घेतला.

हल्ला फसला. राजा वाचला, चिडला, आणि पुढच्याच वर्षी यानची राजधानी पडली. इ.स.पू. 222 पर्यंत यान नकाशावर राहिलं नाही. हाच राजा पुढे चीनचा पहिला सम्राट झाला. त्याग पूर्ण होता, कणभरही खोट नव्हती. ज्यांनी आसरा दिला त्यांचं राज्य मात्र त्यातून बुडालं.

म्हणून सुडासाठी केलेल्या त्यागाबद्दल वाचताना मला देणाऱ्यापेक्षा मागे उरलेल्यांची काळजी वाटते. देणारा निकाल बघायला नसतो. सुबलही नव्हता.

---

काठपदर

मला त्या इतर भावांबद्दल विचारायचं होतं. कथेत ते शंभरच्या आसपास असतात आणि एकालाही नाव नाही. त्यांनी आपणहून शीत दिलं की बापाने सांगितलं म्हणून? एखाद्याला जगायचं असेल. एखादा सगळ्यात धाकटा असेल. एखाद्याची बायको गांधारात वाट बघत असेल. वाटप बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एकाने हात पुढे केला असेल तर सुबलाने काय केलं असेल?

पैलतीर म्हणतात की त्याने सुरुवात स्वतःपासून केली. पण राजाने आणि बापाने आधी शीत ठेवल्यावर नंतरच्याला नाही म्हणायची जागा राहते का? स्वतःचा त्याग करून त्याने दुसऱ्यांचा नकार अशक्य केला. मला पायापेक्षाही हे जास्त निर्दय वाटतं.

---

पैलतीर

काठपदर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं आणि आता ते डोक्यातून जाणार नाही. मी शितापर्यंत सुबलाबरोबर जातो असं लिहिलं होतं. आता पहिल्या शितापर्यंत जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या. दुसऱ्या शितापासून प्रश्न सुरू होतात.

---

मूळसंहिता

मधलावाटसरूंनी मागे उरलेल्यांचा विषय काढलाय म्हणून संहितेतलेच दोन प्रसंग सांगतो. कोठडी व्यासांच्या ग्रंथात नसली तरी गांधारचं पुढे काय झालं ते आहे.

युद्धाच्या अठराव्या दिवशी सहदेव आधी शकुनीच्या डोळ्यांसमोर त्याचा मुलगा उलूक याला मारतो आणि मग शकुनीला. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर येते आणि भावाच्या प्रेतापाशी थांबते. अबोली ताई, तुम्ही विचारत होता ना गांधारी कुठे आहे, ती इथे आहे. ती कृष्णाला म्हणते की शस्त्राने मेला म्हणून यालाही माझ्या मुलांसारखेच उत्तम लोक मिळतील, पण माझी मुलं सरळ मनाची, तिथेही हा त्यांच्यात आणि त्यांच्या भावांत वैर लावणार नाही कशावरून? भाऊ मेलाय, मुलं मेलीत आणि तिला परलोकाचीही धास्ती आहे.

दुसरा प्रसंग आश्वमेधिक पर्वातला, तो फारसा वाचला जात नाही. युधिष्ठिराच्या यज्ञाचा घोडा फिरत गांधारात शिरतो. मागे अर्जुन. तिथे आता शकुनीचा दुसरा मुलगा राजा आहे. शकुनीचा वध सहन न झालेले गांधारचे योद्धे चालून येतात. अर्जुन समजुतीने घ्यायचा प्रयत्न करतो, ते ऐकत नाहीत. मग व्हायचं ते होतं, माणसं पडायला लागतात. राजा स्वतः लढायला येतो तेव्हा अर्जुन त्याचं मस्तक उडवत नाही, फक्त शिरस्त्राण उडवतो. सैन्य फुटतं.

आणि मग त्या राजाची आई, म्हणजे शकुनीची बायको, म्हाताऱ्या मंत्र्यांना पुढे घालून नगरातून बाहेर येते. हातात अर्घ्य. ती आधी आपल्या मुलाला लढाई थांबवायला लावते, मग अर्जुनाला शांत करते. अर्जुन तिचा मान राखतो. मुलाला सांगतो की गांधारी आणि धृतराष्ट्र यांची आठवण ठेवली म्हणून तू जिवंत आहेस, तुझी माणसं मात्र गेली. आता वैर संपू दे आणि चैत्री पौर्णिमेला यज्ञाला ये.

---

अबोली

म्हणजे सुबलाचा नातू जिवंत राहिला तो गांधारीचं नाव घेऊन. आणि नवरा, मुलगा दोघेही गमावलेली बाई अर्घ्य घेऊन मारणाऱ्याच्याच पुढ्यात गेली. तिचं नाव आहे का ग्रंथात?

---

मूळसंहिता

नाही. राजाची आई, एवढाच उल्लेख.

---

रणवेध

हा प्रसंग माहीत नव्हता. सुबल त्या कोठडीत बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, कारण तिथून बाहेर चालत जायची वाट नव्हती. या बाईला ती वाट होती आणि तिने ती घेतली. नवऱ्याचा, मुलाचा सूड घ्यायला तिच्याकडे सैन्य होतं, सुबलाकडे काहीच नव्हतं, आणि तरी थांबली ती.

मूळसंहिता, याच धर्तीवर द्रुपदाबद्दल लिहाल का? द्रोणाला मारणारा मुलगा हवा म्हणून त्याने यज्ञ केला आणि शेवटी स्वतः द्रोणाच्याच हातून मेला. त्याच्या मुलांचं पुढे काय झालं हे सगळं एकत्र वाचायचंय.

---

मूळसंहिता

लिहितो, पण वेगळा धागा काढून. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि सौप्तिक पर्वातली ती रात्र, एवढं सगळं इथे प्रतिसादात मावायचं नाही.